लंडनचं म्युझिकल ब्रॉडवेला नेताना नक्की काय काय न्यावं लागतं

"सेट कंटेनरमध्ये भरून बोटीने पाठवता का?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या लोकांनी विचारलाय की आता एकदा सगळं सलग लिहूनच टाकते. मी लंडनमध्ये एका निर्मात्याच्या ऑफिसात प्रॉडक्शन असोसिएट आहे आणि आमचं वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या थिएटरांच्या भागात, चांगलं चाललेलं एक म्युझिकल २०२५ च्या वसंतात न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर उघडलं. नाव घेत नाही, करारात तसं आहे. ट्रान्सफरचं, म्हणजे चालू नाटक तिकडे न्यायचं, ठरलं तेव्हा मी नेटवर भरपूर शोधलं होतं, पण सापडले ते सगळे रेड कार्पेटचे फोटो आणि रिव्ह्यू, कुठला फॉर्म कधी भरायचा हे कुणी लिहिलेलंच नाही. म्हणून हा पसारा.

तर आधी उत्तर देते. सेट जात नाही, निदान आमचा तरी गेला नाही. स्क्रिप्ट जातं, स्कोअर जातो, प्रॉम्प्ट बुक (प्रयोगाच्या सगळ्या सूचना लिहिलेली स्क्रिप्टची प्रत) जातं, थोडे कॉस्च्युम आणि पडदे जातात आणि मोजकी माणसं जातात. बाकी सगळं तिकडे नव्याने उभं राहतं, तिकडच्या मापात, तिकडच्या युनियनच्या हातून. आणि या मोजक्या माणसांनाच न्यायला सगळ्यात जास्त कागद लागतात.

सुरुवात २०२३ च्या शरदात झाली. लंडनला हाउसफुल जात होतं, निर्माते न्यूयॉर्कला फेऱ्या मारायला लागले आणि ऑफिसात दबक्या आवाजात चर्चा सुरू झाली. मला वाटलं होतं पैसे उभे राहिले की झालं. पण खरा खोळंबा थिएटरचा असतो. ब्रॉडवे म्हणजे एकूण ४१ थिएटरं, किमान ५०० खुर्च्यांची, आणि त्यातली बहुतेक शुबर्ट, नेदरलँडर आणि एटीजी या तीन कंपन्यांच्या हातात. तुम्हाला हवं ते थिएटर मिळायला तिथलं चालू नाटक पडावं लागतं, म्हणजे आपण इथे बसून दुसऱ्या कुणाच्या तरी बुकिंगवर डोळा ठेवून असतो, वाईट वाटतं पण असंच आहे. आणि ते कळतंही, कारण ब्रॉडवेवर प्रत्येक नाटकाचा आठवड्याचा गल्ला नावानिशी जाहीर होतो. लंडनला असं काही नाही, इथे कोणाचं किती चाललंय ते अंदाजाने आणि गॉसिपने कळतं. मी त्या काळात दर आठवड्याला ते आकडे बघायची सवय लावून घेतली होती. थिएटर मालकाच्या करारात स्टॉप क्लॉज असतो, गल्ला ठरावीक रकमेखाली सलग दोन-एक आठवडे गेला की मालक तुम्हाला बाहेर काढू शकतो, त्यामुळे कोण कधी हलणार याचा थोडा अंदाज त्या आकड्यांवरून बांधता येतो. आमचं थिएटर जून २०२४ मध्ये पक्कं झालं. तोपर्यंत सगळ्या तारखा पेन्सिलने.

पैशांचं मी फार लिहीत नाही कारण ते माझं खातं नव्हतं. मोठ्या म्युझिकलचं भांडवल दोन कोटी डॉलरच्या आसपास सहज जातं, त्यासाठी तिकडे स्वतंत्र एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, उघडतात, पैसे लावणारे बहुतेक 'अ‍ॅक्रेडिटेड', म्हणजे ठरावीक संपत्ती किंवा उत्पन्न असलेले, गुंतवणूकदार लागतात आणि पहिला गुंतवणूकदार करारात बांधला गेला की १५ दिवसांत एसईसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाकडे, फॉर्म डी जातो. ज्यांना वाटतं नाटकवाले खिशातून पैसे काढून नाटक करतात त्यांनी तो फॉर्म एकदा बघावा.

आता कलाकार. हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातोय. लंडनचा संच उचलून न्यूयॉर्कला नेता येत नाही. अमेरिकेतली अ‍ॅक्टर्स इक्विटी ही युनियन परदेशी नटांना ढोबळमानाने दोन-तीन दारांतूनच आत घेते: एक तर तो मोठा स्टार हवा, किंवा तो जे करतो ते दुसऱ्या कुणाला जमणारं नाही हे दाखवता यायला हवं, किंवा मग ब्रिटिश इक्विटीबरोबरचा एक्स्चेंज, म्हणजे आमचा एक नट तिकडे गेला तर त्यांचा एक नट साधारण तेवढ्याच आठवड्यांच्या कामाला इकडे यायला हवा. यात युनियनचं चुकतं असं मला वाटत नाही. तिथले नट वर्षानुवर्षं ऑडिशनच्या रांगेत उभे असतात, त्यांच्या गावातलं काम बाहेरच्यांनी येऊन का करावं? याच विषयाजवळचं गाजलेलं भांडण म्हणजे १९९० मधलं 'मिस सायगॉन'. लंडनला युरेशियन माणसाची भूमिका करणाऱ्या जोनाथन प्राइस या गोऱ्या नटाला ब्रॉडवेवर घ्यायला इक्विटीने नकार दिला, कारण ते काम आशियाई वंशाच्या नटाला मिळायला हवं होतं, त्यावर निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी अख्खं नाटकच रद्द केल्याचं जाहीर केलं, कोट्यवधी डॉलरची आगाऊ तिकिटं विकली गेलेली असताना, आणि मग काही दिवसांत युनियनने निर्णय फिरवला. एप्रिल १९९१ मध्ये नाटक उघडलं. पण तेव्हाचे मुद्दे आजही प्रत्येक ट्रान्सफरच्या मीटिंगमध्ये कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येतातच.

आमच्याकडे प्रमुख भूमिकांतले थोडे जण मंजूर झाले आणि अख्खं एन्सेम्बल, म्हणजे समूहातले नट-नर्तक, न्यूयॉर्कमध्ये नव्याने निवडायचं ठरलं. ही बातमी एजंटांना ईमेलने जाते आणि त्या ईमेलांचे मसुदे ऑगस्टमध्ये मी केले. आमची डान्स कॅप्टन, म्हणजे संचातली नाच नीट ठेवणारी नर्तकी, पहिल्या वर्कशॉपपासून नाटकात होती, निम्म्या स्टेप तिच्याच अंगावर बसवलेल्या. ती त्या संध्याकाळी प्रयोगाआधी ऑफिसात आली, रागावली वगैरे नाही, म्हणाली "मला निदान तिकडच्या मुलीला शिकवायला तरी पाठवा." तेही बसलं नाही, कारण ते काम असोसिएट कोरिओग्राफरचं आणि त्या एका जागेसाठी एकच पिटिशन, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने करायचा अर्ज, करायचं ठरलं होतं. मग तिने व्हिडिओवर सगळ्या पोझिशन बोलून दाखवल्या, कुठे श्वास घ्यायचा, कुठे शेजारची उशिरा वळते तेव्हा सांभाळून घ्यायचं, हे सुद्धा. न्यूयॉर्कच्या तालमीत तो व्हिडिओ रोज लागत होता. ट्रान्सफर होणाऱ्या नाटकात तुम्ही असाल तर एक सांगते, संचाला बातमी पेपरात यायच्या आधी कळू द्या, आणि एजंटला ईमेल गेला तरी कुणीतरी समोर बसून बोला.

व्हिसा. दिग्दर्शक, कोरिओग्राफर वगैरे मंडळींसाठी ओ-१बी, म्हणजे कलाक्षेत्रातल्या असामान्य कर्तृत्वाचा, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आवश्यक माणसांसाठी ओ-२. मी ओ-२ मध्ये. दोन्हीची पिटिशन वेगळी असतात, एकाच लिफाफ्यात कोंबून चालत नाही. फॉर्म मात्र एकच, आय-१२९, आणि परदेशी कंपनीला तो स्वतः भरता येत नाही, अमेरिकेतला एम्प्लॉयर नाहीतर एजंट लागतो. आमचं बजेट पहिल्यांदा झालं तेव्हा एका पिटिशनची फी ४६० डॉलर होती. १ एप्रिल २०२४ पासून ओ वर्गासाठी ती १,०५५ झाली, शिवाय असायलम प्रोग्रॅम फी म्हणून ६०० वेगळे (छोट्या कंपन्यांना आणि ना-नफा संस्थांना दोन्हीत सवलत आहे, ते आधी तपासा). त्याच तारखेपासून फॉर्मची नवी आवृत्ती सक्तीची झाली, जुनी चालणारच नाही, आणि ओ-२ च्या एका पिटिशनमध्ये २५ पेक्षा जास्त नावं घालता येईनाशी झाली. प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे लवकर उत्तर हवं असेल तर, त्यावर २,८०५ डॉलर, आणि त्यात उत्तरासाठी असलेले १५ दिवस आता कामकाजाचे मोजतात, शनिवार-रविवार सुट्टी धरून तीन आठवडे जातातच. फिया सारख्या बदलतात म्हणून मी आकडे देतेय ते त्या वेळचे, भरायच्या दिवशी साइटवर बघूनच भरा.

पिटिशनला लागणाऱ्या गोष्टींत लोक पुरस्कार आणि रिव्ह्यूंच्या मागे लागतात, ते हवेतच, पण वेळ खाते ती युनियनची सल्लापत्रं. प्रत्येक कामाची युनियन वेगळी, दिग्दर्शक-कोरिओग्राफरची एसडीसी, डिझायनरची यूएसए ८२९, आणि त्यांचं पत्र आल्याशिवाय फाइल पूर्ण होत नाही. आम्ही सप्टेंबरमध्ये सगळं पाठवलं. ऑक्टोबरात एका ओ-१ वर आरएफई आली, म्हणजे आणखी पुरावा मागितला. आरएफई आली की प्रीमियमचं घड्याळ थांबतं आणि उत्तर पोचल्यावर पहिल्यापासून सुरू होतं. त्या आठवड्यात वकिलीणबाईंनी एक गोष्ट शिकवली: नुसतं "जगप्रसिद्ध" म्हणणाऱ्या पत्राला किंमत नाही, पत्र लिहिणारा कोण, त्याने हे काम कुठे पाहिलं आणि त्यात नेमकं काय वेगळं होतं हे हवं. आम्ही तीन पत्रं पुन्हा मागवली. माझ्या ओ-२ मध्ये तर मी किती हुशार हे कुणालाच नको होतं, या नाटकाबद्दल मला जे माहीत आहे ते तिथल्या माणसाला का माहीत असू शकत नाही, एवढंच. त्यासाठी मी दोन वर्षांचे शो रिपोर्ट जोडले, ज्यात प्रयोगागणिक बिघाड आणि बदल लिहिलेले असतात.

मंजुरी नोव्हेंबरात आली. मग डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, २०५ डॉलर फी, आणि डिसेंबरात लंडनच्या नाइन एल्म्समधल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. काचेचा मोठा चौकोन, बाजूला पाणी, नॉर्दर्न लाइनच्या स्टेशनवरून चालत जाता येतं. लॅपटॉप आणि मोठी बॅग आत नेता येत नाही आणि ठेवायची सोय नसते हे लक्षात ठेवा. फोटो दोन बाय दोन इंच लागतो, लंडनच्या स्टेशनवरच्या बूथमध्ये ब्रिटिश पासपोर्टच्या मापाचा येतो, त्यामुळे फोटोवाल्या दुकानातच जा. मला खिडकीतल्या बाईंनी विचारलं नाटक कशाबद्दल आहे, मी इतकी घाबरले होते की दोन अंकांची गोष्ट सांगायला लागले, तिने मध्येच हात वर केला आणि "अप्रूव्ह्ड" म्हणाली. पासपोर्ट ख्रिसमसच्या आधी हातात आला.

माझा पासपोर्ट भारतीय आणि लंडनला मी स्किल्ड वर्कर व्हिसावर, त्यामुळे माझं अजून एक शेपूट होतं जे ब्रिटिश सहकाऱ्यांना नव्हतं. कायमच्या रहिवासासाठी अर्ज करायचा तर कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त ब्रिटनबाहेर राहता येत नाही. आणि बिनपगारी रजा वर्षात चार आठवड्यांच्या वर गेली तर बहुतेक कारणांत स्पॉन्सरला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. म्हणजे "लंडनहून रजा घे आणि तिकडच्या कंपनीच्या पगारावर जा" हा ऑफिसने सुचवलेला सोपा मार्ग माझ्यासाठी बंद. शेवटी पगार लंडनहूनच चालू ठेवला आणि एचएमआरसीकडून, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडून, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतलं, ज्याने सोशल सिक्युरिटी दोनदा न कापता फक्त इकडेच कापली जाते. तुमच्यासारखं दुसरं कुणी ऑफिसात नसेल तर हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही, तुम्हीच पहिल्या मीटिंगला विषय काढा.

सामानाचं. कॉस्च्युमसाठी मी कार्नेट काढायला निघाले होते पण ब्रोकर म्हणाला कार्नेट म्हणजे वर्षभरात सगळं परत आणायची हमी, आणि ब्रॉडवेवर तुम्ही तर वर्षानुवर्षं चालायच्या आशेने जाताय. मग रीतसर आयात. त्यासाठी प्रत्येक कपड्यात कुठला धागा किती टक्के आणि तो कुठे बनला हे लिहावं लागतं. आमच्या वॉर्डरोब प्रमुखबाई पन्नाशीच्या, शांत, पण एका जुन्या पेटीकोटच्या जाळीत नायलॉन किती आणि पॉलिएस्टर किती हे विचारल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तूच जाळून बघ. लाकडी खोके उष्णता दिलेल्या लाकडाचे लागतात, त्यावर एचटीचा शिक्का असतो, तो नसेल तर खोका बंदरात अडकतो. पडद्यांना लंडनची आगरोधक सर्टिफिकेटं होती, ती ब्रिटिश मानकाची, न्यूयॉर्कला एनएफपीए ७०१ हे अमेरिकन मानक लागतं, परत ट्रीटमेंट, परत चाचणी. विजेचं सामान तर नेण्यात अर्थच नाही, २३० व्होल्ट आणि १२० व्होल्ट, रेडिओ माइकच्या फ्रिक्वेन्सीही निराळ्या. सगळं तिकडेच भाड्याने.

सेट नव्याने का बांधावा लागतो हे मला नेपथ्यकाराच्या टेबलावर कळलं. ब्रिटनमध्ये मॉडेल १:२५ चं करतात, अमेरिकेत अर्धा इंच म्हणजे एक फूट, म्हणजे १:२४. दिसायला दोन्ही मॉडेलं सारखीच, पण पट्टी लावली की चार टक्क्यांचा फरक, आणि चार टक्के म्हणजे जिना विंगेत जाईल की भिंतीवर आपटेल एवढा. शिवाय आमच्या लंडनच्या जुन्या थिएटरचं स्टेज प्रेक्षकांकडे उतरतं आणि तिकडचं सपाट, त्यामुळे चाकांवरच्या प्रत्येक वस्तूचा ब्रेक नव्याने विचारात घ्यावा लागला. वाद्यवृंदाचं उलटंच. लंडनला पिटात आमचे नऊ वादक. ब्रॉडवेवर लोकल ८०२ या युनियनचं प्रत्येक थिएटरला किमान वादकांचं बंधन, सगळ्यात मोठ्या थिएटरांना ते १८-१९ आहे, २००३ मध्ये यावरून संप होऊन आकडा खाली आला तो इतका. आमच्या थिएटरचा आकडा त्याहून कमी, तरी नऊपेक्षा जास्तच. कमी वादकांसाठी खास परवानगी मागता येते, पण आमच्या संगीतकाराने ती मागितलीच नाही. खूश होता तो, नवीन ऑर्केस्ट्रेशन लिहून दोन हॉर्न आणि एक चेलो वाढवला. मला विचाराल तर न्यूयॉर्कचं आमचं नाटक कानाला जास्त चांगलं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी प्रॉम्प्ट बुकवरून घोळ. आमचं पुस्तक ए-फोर कागदावर, चार भोकांच्या फाइलीत, शेकडो क्यू, म्हणजे लाइट-साउंड-सेट कधी बदलायचे त्या खुणा, पेन्सिलने ओळीसमोर लिहिलेले. तिकडे कागद लेटर आकाराचा, आखूड आणि रुंद, फाइल तीन भोकांची. तिथल्या स्टेज मॅनेजरला स्क्रिप्ट लेटरवर छापून हवं होतं, पण तसं केलं की पानं सरकतात आणि 'पान ४७' म्हटल्यावर लंडनचे व्हिडिओ, लाइटची शीट, कोरिओग्राफीच्या नोट्स, सगळं चुकायला लागतं. शेवटी पानं न हलवता मजकूर लेटरवर बारीक करून बसवला आणि क्यू दोघींनी बसून हाताने उतरवले, दोन रात्री गेल्या. त्या दोन रात्रींत तिला नाटक जेवढं कळलं तेवढं कुठल्याही मीटिंगमध्ये कळलं नसतं असं तीच नंतर म्हणाली. अजून एक, लंडनला 'हाफ'ची, म्हणजे नटांनी हजर असायच्या वेळेची, हाक प्रयोगाच्या ३५ मिनिटं आधी होते आणि न्यूयॉर्कला बरोब्बर ३० मिनिटं आधी. आमचे ब्रिटिश नट पहिले काही दिवस पाच मिनिटं आधीच येऊन बसायचे आणि हाक का होत नाही म्हणून अस्वस्थ.

आमच्याबरोबरच्या नटांना सोशल सिक्युरिटी नंबर काढावा लागला, त्याशिवाय तिथला पगार आणि बँक दोन्ही अडतं. फी नाही, पण आय-९४ ची (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची) प्रिंट आणि पासपोर्ट घेऊन ऑफिसात स्वतः जावं लागतं. कामाचा दिवस ठरवून टाकण्याआधी हे उरका, कारण टेक, म्हणजे लाइट-साउंडसकट स्टेजवरच्या तालमी, सुरू झालं की 'टेन आउट ऑफ ट्वेल्व्ह' असतं, बारा तासांच्या दिवसात दहा तास काम, आणि बाहेर ऊन आहे की बर्फ हेही कळत नाही.

प्रिव्ह्यू, म्हणजे ओपनिंगआधीचे तिकीट लावलेले प्रयोग, मार्चमध्ये लागले. तेव्हा आमच्यातल्या जुन्या लोकांना 'सिक्स' आठवत होतं, एडिंबराहून निघून लंडनमार्गे ब्रॉडवेला पोचलेलं, १२ मार्च २०२० ला ओपनिंग ठरलेलं आणि त्याच दिवशी महामारीमुळे सगळी थिएटरं बंद, मग उघडलं ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्यामुळे मार्च महिना म्हटलं की लोक टेबलाला हात लावतात. आमचं असं काही झालं नाही. प्रेक्षक मात्र वेगळे. लंडनला जिथे शांतता असायची तिथे टाळ्या यायला लागल्या, नट नुसता आत आला तरी टाळ्या, आणि खालचं संगीत संपून जायचं. मग संगीत दिग्दर्शकाने तिथे संगीताचे दोन-चार बार फिरते ठेवले, टाळ्या थांबेपर्यंत वाजवत राहायचे. उलट पहिल्या अंकातला आमचा हमखास हशा तिथे चार प्रयोग मेलेला. लेखकाने वाक्य बदललं नाही, दिग्दर्शकाने फक्त त्या वेळी मागे चाललेली हालचाल थांबवली आणि हशा परत आला.

ओपनिंग एप्रिलमध्ये झालं, ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांच्या पात्रतेची मुदत एप्रिलअखेर असते म्हणून त्या महिन्यात सगळ्यांचीच घाई, डिझायनर एकाच वेळी दोन नाटकांत. रिव्ह्यू बरे आले, एक वाईट. सुट्टीच्या सोमवारी मी बेलास्को थिएटरला 'मेबी हॅपी एंडिंग' हे म्युझिकल बघून आले, सोलमध्ये २०१६ ला उघडलेलं, त्याने जूनमध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी घेतला. लंडन-न्यूयॉर्क रस्त्याच्या बाहेरूनही नाटकं येतात हे बघून बरं वाटलं.

मी मे महिन्यात परत आले, १८० दिवसांच्या खूप आत. ब्रिटनमध्ये शिरताना आता कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो, तर निघायच्या आधी तुमचा सध्याचा पासपोर्ट त्या खात्याला जोडलेला आहे ना ते बघून घ्या.

टॅक्सचं राहिलं. पगार लंडनहून आला तरी काम न्यूयॉर्कमध्ये केलेलं, त्यामुळे तिकडे काही भरायचं का हे करारात खर्च शेवटी कोण उचलतं त्यावरही ठरतं. नटांना १०४०-एनआर (अनिवासींचा अमेरिकन टॅक्स फॉर्म) आणि न्यूयॉर्क राज्याचा आयटी-२०३ भरावा लागतो, मुदत १५ एप्रिल. यासाठी दोन्ही देशांचं कळणारा अकाउंटंट जानेवारीतच धरा, मार्चमध्ये ते फोन उचलत नाहीत. कुणाला पिटिशनसाठी पत्रं कशी मागायची याचा नमुना हवा असेल तर विचारा, नावं काढून पाठवते.